वयाची रेघ

उधना स्टेशन सोडून जळगावकडे निघालेली गाडी काही मिनिटांतच डिंडोलीच्या कडेने जाते. ताप्ती व्हॅली रेल्वेचा हा मार्ग १९०० च्या सुमारास अमळनेरपर्यंत पुरा झाला आणि खानदेशाला सुरत जवळची झाली. आज सुरतेच्या डिंडोली, नवागाम, लिंबायत, गोडादरा, उधना या पट्ट्यात जिन्याजिन्यातून मराठी आणि अहिराणी ऐकू येते. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, दुकानांवर पाटील, महाजन, चौधरी अशी नावं आहेत. बाप लूमच्या खात्यावर नाहीतर पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये बारा तासांची पाळी करतो. आई घरी बसून साड्यांना स्टोन लावते, किंवा तीही कुठे कामाला जाते. गावी वाड्यात आजी, चुलती, आतेबहीण असं कोणी ना कोणी लेकरावर नजर ठेवून असतं. इथे मजल्यावर सहा-सात रूम, दर वर्ष-दोन वर्षांनी बदलणारे भाडेकरू, आणि शाळा सुटल्यापासून पाळी सुटेपर्यंतचे तास.

या तासांत मुलाचं रक्षण कोणी करायचं, आणि कायद्याने मूल कोणाला म्हणायचं, या दोन प्रश्नांचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. त्या इतिहासातली दोन ठळक माणसं याच सुरतेत राहून गेली, हे सुरतेतल्या मराठी माणसांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. एक इथे वाढला, दुसरी डॉक्टर होऊन इथे आली. आज आपण सहजपणे ‘अठरा वर्षांखालचं ते मूल’ म्हणतो. अठराची ही रेघ कुठून निघाली ते पाहायचं तर या दोघांपासून सुरुवात करावी लागते.

पहिले बेहरामजी मलबारी. जन्म १८५३ चा, बडोद्याचा. लहानपणीच आई त्यांना घेऊन सुरतेला आली. शिक्षण सुरतेच्या आयरिश मिशनच्या शाळेत झालं. पुढे मुंबईला जाऊन ते कवी, पत्रकार आणि ‘इंडियन स्पेक्टेटर’चे संपादक झाले. १८८४ साली त्यांनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य या विषयांवर दोन टिपणं लिहिली आणि ती देशभरच्या अधिकाऱ्यांना, पुढाऱ्यांना पाठवली. तोवर १८६० च्या दंडसंहितेने मुलीची रेघ दहा वर्षांवर ओढलेली होती. दहा वर्षांखालच्या मुलीशी शरीरसंबंध हा बलात्कार, मग करणारा परका असो की नवरा. दहा पुरी झाली की लग्नाच्या नवऱ्याला या कलमाची भीती उरत नसे. मलबारींनी विचारलं की हे सरकारला चालतं कसं. पारशी माणसाने हिंदूंच्या घरात लक्ष का घालावं, असा सवाल त्यांना लगेच केला गेला.

त्याच वर्षी मुंबईच्या हायकोर्टात दादाजी भिकाजी यांनी दावा लावला. पत्नी रखमाबाई नांदायला येत नाही, तिला पाठवावं, अशी मागणी होती. रखमाबाईंचं लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, दादाजी एकोणीसचे. त्या माहेरीच राहिल्या, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात वाचत-शिकत वाढल्या, आणि मोठं झाल्यावर म्हणाल्या की मी जाणार नाही. माझ्या संमतीवाचून, मला कळत नव्हतं अशा वयात झालेलं लग्न मला बांधू शकत नाही, हे त्यांचं म्हणणं. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपील झालं, खटला पुन्हा चालला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम काढला की नवऱ्याकडे जावं, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगावी. कैद भोगेन पण जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली आणि प्रकरण मिटलं.

या खटल्याबरोबरच रखमाबाईंनी केलेली दुसरी गोष्ट मला तितकीच मोठी वाटते. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने पत्रं छापून आली. बालविवाहाने मुलीचं शिक्षण कसं तुटतं, बालपण कसं संपतं, याची ती हकिगत होती. लिहिणाऱ्या रखमाबाईच होत्या. बालवधूंविषयी तोवर शास्त्री बोलत होते, सुधारक बोलत होते, साहेब बोलत होते. आता बालवधू झालेली स्त्री स्वतः बोलत होती, आणि सगळ्या मुंबई इलाख्याला ते ऐकावं लागलं.

१८८९ मध्ये त्या विलायतेला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, आणि १८९५ मध्ये सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झाल्या. दोन दशकांहून जास्त काळ त्यांनी सुरतेत बाळंतपणं केली, पोरींना तपासलं. त्यानंतर त्या राजकोटला गेल्या. १९०४ मध्ये दादाजी वारल्याची बातमी आली, तेव्हापासून त्यांनी पांढरं नेसायला सुरुवात केली असं चरित्रकार सांगतात. ज्या लग्नाला त्यांनी जन्मभर नाकारलं, त्याचं वैधव्य त्यांनी का पत्करलं असेल, याचा मी बराच विचार केला आहे. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि त्यांच्या वतीने उत्तर रचायचा अधिकार मला आहे असंही वाटत नाही.

रखमाबाई शिकत होत्या त्या काळात कलकत्त्यात फुलमणी दासी मरण पावली. वय दहा-अकरा. पस्तिशीतल्या नवऱ्याने केलेल्या संभोगात झालेल्या जखमेने ती गेली. १८९० मध्ये खटला उभा राहिला. दहाची रेघ तिने ओलांडलेली असल्यामुळे बलात्काराचं कलम लागूच झालं नाही, आणि नवऱ्याला किरकोळ कलमाखाली एक वर्षाची शिक्षा झाली. मलबारी त्या वर्षी इंग्लंडमध्ये जाऊन लोकमत तयार करत होते. जानेवारी १८९१ मध्ये सर अँड्र्यू स्कोबल यांनी संमतिवयाचं विधेयक मांडलं, मार्चमध्ये ते मंजूर झालं. रेघ दहावरून बारावर आली.

मराठी वाचकाला पुढचा वाद शाळेपासून ठाऊक असतो. ‘केसरी’तून टिळक विरोधात, ‘सुधारका’तून आगरकर बाजूने, आणि शास्त्रार्थ टिळकांच्या उलट लावून दाखवणारे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. टिळकांना बालविवाह प्रिय होते असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. स्वेच्छेने घ्यायच्या शपथेसाठी त्यांनी मुलीचं वय सोळा आणि मुलाचं वीस सुचवलं होतं, म्हणजे सरकारच्या बारापेक्षा बरंच पुढचं. परक्या सरकारने घरात शिरू नये हा त्यांचा आक्षेप होता. तरीही मला यात आगरकरांचीच बाजू खरी वाटते. ज्या मुलीचा जीव जातो आहे, तिला घरच्यांनी स्वेच्छेने सुधारायची वाट पाहायला सांगता येत नाही.

त्या वादापेक्षा १८९१ च्या कायद्यातलं एक छोटं कलम जास्त बोलकं आहे. त्याची चर्चा क्वचित होते. आरोपी नवरा असेल तर साध्या फौजदाराने तपास करायचा नाही, इन्स्पेक्टरच्या खालच्या हुद्द्याला तो अधिकार नाही, आणि दखल फक्त जिल्हा मॅजिस्ट्रेट किंवा प्रेसिडेन्सी शहरातल्या मुख्य मॅजिस्ट्रेटने घ्यायची. कायदा घराच्या दारापर्यंत आणला आणि दारावर मोठं कुलूप लावून ठेवलं. खटले जवळजवळ झालेच नाहीत.

पुढच्या दुरुस्तीने तर घर आणि बाहेर यांचे दोन वेगळे आकडे केले. १९२५ मध्ये परक्या पुरुषासाठी रेघ चौदावर गेली, नवऱ्यासाठी तेरावर. इथून दोन रेघा सुरू झाल्या, आणि त्या एकत्र यायला ९२ वर्षं लागली.

१९२८ मध्ये सरकारने संमतिवयाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष वऱ्हाडातले सर मोरोपंत जोशी, सदस्यांत रामेश्वरी नेहरू. समिती देशभर फिरली, प्रश्नावल्या पाठवल्या, डॉक्टरांच्या, सुइणींच्या, बायकांच्या साक्षी घेतल्या. लोकांना हा कायदा असल्याचंच माहीत नाही, असा निष्कर्ष तिने काढला. १९२९ च्या अहवालात समितीने सुचवलं की लग्नाबाहेर रेघ अठरावर न्यावी, लग्नात पंधरावर. जन्माच्या आणि लग्नाच्या नोंदी नीट ठेवाव्यात, हेही सांगितलं, कारण वय सिद्ध करता आलं नाही तर रेघेला अर्थच उरत नाही. अठरा हा आकडा आपण २०१२ च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याला, म्हणजे पॉक्सोला चिकटवतो. तो एका वऱ्हाडी वकिलाच्या समितीने ८३ वर्षं आधी कागदावर मांडला होता.

त्याच वर्षी हरबिलास सारडा यांचा कायदा झाला, मुलीचं लग्नाचं वय चौदा, मुलाचं अठरा. तो १ एप्रिल १९३० ला लागू व्हायचा होता, आणि मधल्या सहा महिन्यांत देशभर पोराबाळांची लग्नं उरकून घेण्याची घाई झाली. तक्रार करणाऱ्यालाच शंभर रुपयांपर्यंतचा जातमुचलका भरावा लागे. शेजारच्या घरातली बारा वर्षांची पोर वाचवायला त्या काळी शंभर रुपयांची जोखीम कोण घेणार होतं?

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये बाहेरची रेघ सोळावर आणि नवऱ्यासाठीची पंधरावर आली. १९७८ मध्ये लग्नाचं वय मुलीसाठी अठरा झालं, पण दंडसंहितेतला पंधराचा अपवाद जागचा हलला नाही. सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न बेकायदा आणि तिच्याशी नवऱ्याचा संबंध कायदेशीर, अशी स्थिती जवळजवळ चाळीस वर्षं राहिली. २०१२-१३ मध्ये बाहेरची रेघ अठरावर गेली तेव्हा घर आणि बाहेर यांच्यात तब्बल तीन वर्षांचं अंतर पडलं. ११ ऑक्टोबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने ‘इंडिपेंडंट थॉट’ खटल्यात तो अपवाद अठरापर्यंत आणला, आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोच आकडा आहे. रखमाबाईंच्या खटल्यापासून २०१७ च्या निकालापर्यंत मोजलं तर १३३ वर्षं.

वयाच्या आकड्यावर एवढा खल झाला तरी मुलावरच्या लैंगिक अत्याचाराला स्वतंत्र नाव कायद्यात नव्हतं. मुलगा असेल तर त्याला जवळजवळ कुठलंच कलम नव्हतं. ही कोंडी फोडली गोव्याने. १९९१ मध्ये मडगावात फ्रेडी पीट्स या माणसाला अटक झाली. तो अनाथ मुलांचं घर चालवत होता, आणि त्याच्याकडे मुलांची दोन हजारांहून जास्त छायाचित्रं सापडली. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांनी हे प्रकरण दडपलं जाऊ नये म्हणून पाठपुरावा केला. तुरुंगात टाकलेल्या मुलांसाठी त्या आधीच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या. १९९६ मध्ये मडगावच्या कोर्टाने पीट्सला जन्मठेप दिली. त्यातून २००३ चा गोवा बालक कायदा आला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची व्याख्या करणारा आणि मुलांसाठी वेगळं न्यायालय देणारा तो देशातला पहिला कायदा होता.

केंद्राला त्यानंतर नऊ वर्षं लागली. मधे २००७ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाचा अभ्यास आला. १३ राज्यं, १२,४४७ मुलं. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं, आणि छळ करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. मुलगेही मुलींइतकेच, काही बाबतींत जास्त. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो लागू झाला. मुलगा असो वा मुलगी, अठरापर्यंत मूल. त्याच्या पाचव्या कलमात ज्यांचा गुन्हा जास्त गंभीर धरायचा त्यांची यादी आहे : पोलीस, शिक्षक, दवाखान्याचे कर्मचारी, आणि रक्ताचे, लग्नाचे, पालकत्वाचे नातेवाईक, तसंच मुलासोबत एका घरात राहणारे. १८९१ मध्ये ज्या दारावर कुलूप होतं, ते या कलमाने उघडलं.

डिंडोलीच्या शेजारी लिंबायतमध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये साडेतीन वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिला मारलं गेलं. आरोपी त्याच इमारतीत राहणारा होता. त्याच वर्षी पांडेसऱ्यातही एका लहान मुलीचं प्रेत सापडलं होतं. दोन्ही प्रकरणांत पुढे फाशीच्या शिक्षा झाल्या. २०१८ मध्येच देशभरच्या संतापानंतर दंडसंहितेत बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला फाशीपर्यंतची शिक्षा आली. म्हणजे १८९१ चा बाराचा आकडा पुन्हा कायद्यात आला, या वेळी फाशीची हद्द म्हणून. लिंबायतच्या आईबापांचा संताप मी समजू शकतो. तरी माझं मत असं आहे की फासाची दोरी जितकी घट्ट होत गेली, तितकं आपलं लक्ष सर्वांत भयानक प्रकरणांवर खिळलं, आणि रोजच्या प्रकरणांकडचं कमी झालं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत पॉक्सोखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. मामा, दादा, काका, घरमालकाचा मुलगा. फाशीची शिक्षा आहे म्हटल्यावर घरातली माणसं तक्रार करायला पुढे येतील की मागे सरतील, याचा विचार शिक्षा वाढवताना फारसा झाला नाही.

रेघेला दुसरी अडचण आहे वयाच्या पुराव्याची. मोरोपंत जोशींच्या समितीने १९२९ मध्ये जे सांगितलं ते आजही कोर्टात रोज भांडणाचं कारण आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. हाडं नेमकी तारीख सांगत नाहीत, वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतात. आता डिंडोलीतल्या एखाद्या घराची कल्पना करा. मुलगी जन्मली आईच्या माहेरी, चोपड्याजवळच्या गावात. नोंद तिथल्या ग्रामपंचायतीत, झाली असेल तर. पहिलीपासून शिकते सुरतेच्या शाळेत. गावाकडच्या शाळांत गुरुजी जन्मतारीख माहीत नसली की १ जून लिहायचे, त्यामुळे आपल्या पिढीतले कितीतरी लोक कागदावर एकाच दिवशी जन्मले. ती सवय कमी झाली आहे, पण सुटलेली नाही. सोळाव्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी नेऊन तिचं लग्न लावलं, तर महाराष्ट्रात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून गावाचा ग्रामसेवक असतो. तो तिला ओळखत नाही, कारण ती सुरतेची. सुरतेतल्या शाळेला ती सुट्टीत गावी गेलेली दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होतं आणि गुजरातेतही तेवढंच.

रेघेचा काच दुसऱ्या बाजूनेही बसतो, हेही मांडायला हवं. सतरा वर्षांची मुलगी एकोणीस वर्षांच्या मुलासोबत आपल्या मर्जीने पळून गेली, तर बाप पॉक्सोखाली फिर्याद देतो, आणि मुलगा तुरुंगात जातो. २०२३ मध्ये विधी आयोगाने २८३ व्या अहवालात अठराची रेघ खाली आणू नये असंच सुचवलं, मात्र सोळा ते अठरामधल्या प्रकरणांत न्यायाधीशाला तारतम्य वापरायची मोकळीक द्यावी म्हटलं. मला ते योग्य वाटतं. रेघ खाली आणली की तिचा पहिला फायदा पळून गेलेल्या पोराला मिळणार नाही, घरातल्या मामाला मिळेल.

आणि एवढं सगळं असूनही रेघ स्वतः काही ऐकत नाही. ऐकणारं माणूस लागतं. पॉक्सोने यासाठी बारकाईने लिहिलं आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, साध्या कपड्यांत. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. कोर्टात वकिलाने थेट प्रश्न न विचारता न्यायाधीशामार्फत विचारायचे, आरोपी मुलाच्या नजरेसमोर येऊ द्यायचा नाही, पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही. तरीही ऐकणारं चुकू शकतं. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये बारा वर्षांच्या मुलीला कपड्यावरून केलेला स्पर्श पॉक्सोच्या लैंगिक अत्याचाराच्या कलमात बसत नाही असं म्हटलं, तेव्हा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्या मुलीने जे सांगितलं, त्याला अखेर किंमत मिळाली.

डिंडोलीच्या दृष्टीने माझ्या मते सर्वांत मोलाचं आहे ते कलम २६. मुलाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं, आणि गरज असेल तर दुभाषी बोलवायचा. घरी अहिराणी बोलणारी सहा वर्षांची पोर, शाळेत मराठी, आणि जबाब मात्र गुजरातीत लिहिला जाणार. ‘त्याने मला काय केलं’ हे ती ज्या शब्दांत सांगेल त्या शब्दांवर पुढचा सगळा खटला उभा राहतो. एखादा शब्द हुकला, की बचावाचा वकील त्यावरच बोट ठेवतो. पॉक्सोच्या नियमांनुसार अशा दुभाष्यांची नोंदवही जिल्हा बालसंरक्षण कक्षाने ठेवायची असते आणि ती पोलिसांना, कोर्टाला द्यायची असते. दुभाषी व्हायला मोठी पदवी लागत नाही. मुलाची भाषा आणि राज्याची भाषा कामापुरती यायला हवी, मग ती मातृभाषा असो, प्राथमिक शाळेत शिकलेली असो, किंवा त्या भाषेच्या भागात राहून उचललेली. डिंडोलीत वीस-पंचवीस वर्षं राहिलेल्या, गुजराती आणि अहिराणी दोन्ही घरच्यासारखं बोलणाऱ्या बाया, शिक्षिका, अंगणवाडीच्या ताई गल्लीगल्लीत आहेत. सुरत जिल्ह्याच्या त्या नोंदवहीत अहिराणीपुढे एकतरी नाव आहे का, हे कक्षात जाऊन विचारायचं आहे, आणि नसेल तर त्यांच्यापैकी कोणाचं तरी घालून यायचं आहे.